थरांची उन्हाळी भाजी आदल्या दिवशी करून ठेवायची असेल तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मे महिन्यात तुमच्याकडे सोळा-सतरा माणसं जेवायला येणार आहेत, काही धारवाडकडची, काही निपाणीची. वांगी, दुधी, ढोबळी मिरची, बटाटा आणि टोमॅटो यांची थर लावून भाजलेली भाजी तुम्हाला करायची आहे. पाहुणे आल्यावर त्यांच्यात बसता यावं म्हणून रात्री थर लावून भांडं फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सकाळी ओव्हनला लावायचं, असा बेत आहे. मागच्या खेपेला असंच केलं तेव्हा तळाला पाणी साचलं, वांगी कचकचीत राहिली. म्हणून विचारताय, की ही भाजी आदल्या दिवशी करता येते का, का ताजीच करावी?

करता येते. माझ्या मते तर आदल्या दिवशीच करावी, कारण रात्रभर मुरलेली भाजी चवीला जास्त भरते आणि कापताना थर सुटत नाहीत. फक्त रात्रभर कच्चे थर ठेवायचे नाहीत. प्रत्येक भाजीचं पाणी थर लावायच्या आधी काढायचं, भाजी रात्रीच पूर्ण शिजवून घ्यायची, नीट गार करायची आणि दुसऱ्या दिवशी नुसती गरम करायची. मी बेळगावच्या शहापुरात बरीच वर्षं घरगुती जेवणाच्या ऑर्डरी घेते. केळवण, डोहाळजेवण, साखरपुडा असलं काही असेल तर ही भाजी हमखास असते, आणि ती याच पद्धतीने होते.

तुमचं पाणी कुठून आलं ते आधी बघू. वांग्यात शेकडा ९२ च्या आसपास पाणी असतं, टोमॅटोत ९४ च्या आसपास, दुधीत त्याहून थोडं जास्तच. दीड किलो टोमॅटो थरात घातले म्हणजे जवळजवळ १ लिटर ४०० मिलिलिटर पाणी घातलं. तुम्ही प्रत्येक थरावर मीठ भुरभुरून भांडं रात्रभर ठेवलंत. मिठाने आपलं काम केलं, भाजीतलं पाणी ओढून बाहेर काढलं. ते जायला दुसरी जागा नाही, म्हणून तळाला साचलं. सकाळी ओव्हन लावल्यावर सगळी आच ते पाणी उकळण्यात गेली. भांड्यात पाणी आहे तोवर भाजी भाजली जात नाही, ती त्या पाण्यात नुसती उकडते. शिवाय त्या पाण्यात टोमॅटोची आंबट होती, आणि आंबटात बटाटा-वांगं लवकर मऊ होत नाही. म्हणजे ओव्हन बरोबर होता, वेळही बरोबर होता, क्रम तेवढा उलटा झाला.

सोळा-सतरा माणसांसाठी, जेवणात अजून दोन-तीन पदार्थ आहेत असं धरून, मी हे प्रमाण घेते. भरताची वांगी दीड किलो, टोमॅटो दीड किलो, कोवळा दुधी एक किलो, बटाटे एक किलो, कांदे एक किलो, ढोबळी मिरची अर्धा किलो. तेल साधारण पाव लिटर लागतं. शेंगदाण्याचा कूट दीड वाटी. कच्ची भाजी साडेसहा किलो दिसते, पण पाणी गेल्यावर चार किलोच्या आसपास उरते आणि तेवढी पुरते. काचेची दोन मोठी आयताकृती भांडी भरतील. एकाच खोल भांड्यात सगळं कोंबू नका. थराची एकूण उंची तीन बोटांपेक्षा जास्त झाली की मधलं गार होत नाही आणि दुसऱ्या दिवशी गरमही होत नाही. उन्हाळ्यात ही गोष्ट साधी नाही, तिच्याकडे पुढे येते.

बाजार आदल्या दिवशी सकाळी लवकर करा. आपल्याकडची चांगली भाजी पहाटेच गोव्याकडे निघते, दहानंतर गेलात तर वांगी निवडायला उरत नाहीत. भरताचं वांगं हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे आणि देठ हिरवागार असला पाहिजे. जड वांग्यात बिया भरलेल्या असतात. आपल्याकडची काटेरी हिरवी वांगी भरल्या वांग्याला कितीही चांगली असली, तरी या भाजीला ती नकोत, त्यांच्या चकत्या लहान पडतात आणि थर बसत नाही. टोमॅटो दोन प्रकारचे घ्या. वरच्या थराला लांबट, जाड गराचे, आणि खालच्या रश्शाला गावठी, आंबट. बटाटा नवा, पातळ सालीचा घेऊ नका. जुना, पिठूळ बटाटा रस शोषून घेतो, या कामाला तोच हवा.

ढोबळी मिरचीबद्दल एक सांगते. हिरवी मिरची टोमॅटोच्या आंबटात रात्रभर राहिली की तिचा हिरवा रंग जाऊन ती शेवाळी दिसायला लागते, शिवाय जरा कडवटपणा येतो. आदल्या दिवशी करायची असेल तर लाल किंवा पिवळी घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. हिरवीच घ्यायची असेल तर ती थरात घालू नका, दुसऱ्या दिवशी तव्यावर परतून वरून पसरा.

आता वांगं. या भाजीत सगळ्यात जास्त वेळ वांग्याला द्यायचा, कारण भाजी बिघडते ती बहुतेक वेळा वांग्यामुळेच. अर्ध्या बोटाएवढ्या जाड चकत्या करा, सेंटिमीटरभर म्हणा. पातळ केल्या तर रात्रीत विरघळतात. एक किलोला दोन सपाट चमचे मीठ लावून चाळणीत तिरक्या रचून ठेवा. पाऊण तासात खाली तपकिरी पाणी जमलेलं दिसेल. चकत्या धुऊ नका. दोन स्वच्छ पंच्यांमध्ये ठेवून तळहाताने दाबा, पंचा ओला झाला की बदला. वांग्याचा गर हवेने भरलेला, फुसफुशीत असतो, म्हणून कच्चं वांगं कढईत टाकलं की ते तेल पितच राहतं. मिठाने आणि दाबण्याने तो गर बसतो, मग तेल कमी लागतं. पुढे मीठ घालताना हे लावलेलं मीठ विसरू नका. वांग्यावर मी नंतर कणभरही मीठ घालत नाही.

मग बिडाचा किंवा लोखंडी तवा चांगला तापवा. चकतीच्या दोन्ही बाजूंना बोटाने तेल चोळा आणि मध्यम आचेवर ठेवा. लगेच हलवू नका. कडेला बारीक बुडबुडे येतील, वास बदलेल, तीन-चार मिनिटांनी खालून गडद ठिपके पडतील. उलटा. दुसरी बाजूही तशीच होऊ द्या. झालं का ते बघायला रंग पुरेसा नाही. चकतीच्या मधोमध बोट दाबा. कच्चं वांगं पांढरं असतं आणि दाबलं की परत वर येतं. शिजलेलं वांगं पाणीदार, किंचित पारदर्शक दिसतं आणि दाबलेला खड्डा तसाच राहतो. ज्या चकतीत मधे पांढरा ठिपका राहिलाय ती परत तव्यावर. घाईत इथेच लोकांचं चुकतं. त्यांना वाटतं, राहिलेलं ओव्हनमध्ये शिजेल. टोमॅटोखाली गेलेलं अर्धकच्चं वांगं ओव्हनमध्ये मऊ पडत नाही, चिवट राहतं.

बटाट्याचंही कारण तेच. टोमॅटोची आंबट लागली की बटाटा शिजायला फार वेळ घेतो, म्हणून तो आधीच पाऊण शिजवायचा. सोलून, वांग्याएवढ्याच जाड चकत्या करून, मिठाच्या उकळत्या पाण्यात सहा-सात मिनिटं. सुरी सहज आत जाते पण उचलल्यावर चकती मोडत नाही, तिथे थांबा. चाळणीत काढून वाफ जाईपर्यंत पसरून ठेवा. पाण्यातून काढून तशाच थरात घातल्या तर सोबत वाटीभर पाणी जातं.

दुधी कोवळाच हवा, नख रुतेल असा. बिया धरलेला असेल तर मधला गर काढून टाका. चकत्यांना थोडं मीठ लावून अर्धा तास, मग पुसून तव्यावर तेलाच्या बोटाने दोन्हीकडून डाग पडेपर्यंत. परदेशात या जागी झुकिनी वापरतात, तिला दुधी किंवा कोवळा दोडका चांगला पर्याय आहे. दोडका घेतला तर शिरा तासून घ्या. मिरची थेट गॅसवर काळी करून, झाकून ठेवून, साल काढून पट्ट्या करा. भेंडी, गवार, तोंडली थरात घालू नका, त्यांचं शिजणं वेगळं आणि कापताना ती पूर्ण तुकड्यात येत नाहीत.

टोमॅटोचे दोन भाग करा. लांबट टोमॅटोच्या चकत्या वरच्या थराला. बिया अंगठ्याने झटकून काढा, मीठ लावून जाळीवर पालथ्या ठेवा. गावठी टोमॅटो चिरून रश्शाला. पाव किलो कांदा बारीक चिरून तेलात लाल होईपर्यंत परता, आठ-दहा पाकळ्या लसूण घाला आणि तोही गुलाबी होऊ द्या. लसूण कच्चा राहिला तर रात्रभरात त्याचा उग्र वास सगळ्या भाजीला लागतो. मग टोमॅटो, हळद, बेडगी मिरचीचं तिखट रंगासाठी आणि थोडं संकेश्वरीचं तिखट झणक्यासाठी. संकेश्वरी बेताने, कारण तिखट रात्रीत थराथरात पसरतं आणि सकाळी काल होतं त्यापेक्षा जास्त लागतं. सुपारीएवढा गूळ. हे सगळं आटवत राहा. उलथन्याने कढईच्या तळाला रेघ ओढली आणि ती क्षणभर तशीच राहिली की झालं. रेघ लगेच बुजते तोवर त्यात पाणी आहे.

उरलेला कांदा उभा, पातळ चिरून मंद आचेवर पाऊण तास परता. मधे झाकण ठेवलं तरी चालेल, पण शेवटी झाकण काढून पाणी आटू द्या. हा गोडसर कांदा तळाला जातो. भाजीला जो भरीवपणा येतो तो यातून, म्हणून इथे वेळ वाचवू नका.

सगळं काढलं तरी भाजी थोडं पाणी सोडणारच. ते धरून ठेवायला काहीतरी लागतं. इटलीकडे आणि फ्रान्सच्या दक्षिणेला ब्रेडचा चुरा किंवा तळाला भात घालतात. आपल्याकडे त्यासाठी ज्वारीची भाकरी आहे. आदल्या दिवशीच्या दोन भाकऱ्या तव्यावर कडक होईपर्यंत भाजून भरडसर वाटा. तो चुरा आणि शेंगदाण्याचा भाजलेला कूट एकत्र करा, त्यात दोन चमचे भाजलेले तीळ आणि एक चमचा कारळ्याची कोरडी चटणी. ही पूड थरांमध्ये मुठीमुठीने पेरायची. कूट रस ओढून घेतो, भाकरीचा चुरा तो धरून ठेवतो, आणि धारवाडकडच्या पाहुण्यांना या चवीत आपल्या एण्णेगायीची, म्हणजे तिकडच्या भरल्या वांग्याची, आठवण येते. ओलं खोबरं मात्र अजिबात नको. मे महिन्यात ओल्या खोबऱ्याची भाजी सगळ्यात आधी आंबते. सुकं खोबरं भाजून घातलं तर चालतं.

थर लावताना तळाला कांदा, त्यावर बटाटा, मूठभर पूड, वांगं, रश्शाचा पातळ हात, दुधी, परत पूड, मिरचीच्या पट्ट्या, उरलेलं वांगं, रस्सा आणि सगळ्यात वर टोमॅटोच्या चकत्या एकमेकींवर किंचित चढवून. बटाटा खाली ठेवायचा कारण खालची आच तोच झेलतो आणि वरून झिरपलेला रसही तोच पितो. प्रत्येक थर तळहाताने हलकेच दाबा. पनीर घालायचं असेल तर मधल्या थरात किसून पाव किलो पुरे, पण मी शक्यतो घालत नाही, भाज्यांची चव दबते. रश्श्यातला दीड वाटी भाग बाजूला काढून वेगळ्या डब्यात ठेवा. कूट रात्रभर ओढत राहतो, सकाळी भाजी कोरडी वाटली तर कडेने हाच रस्सा सोडायचा, पाणी नव्हे.

ओव्हन १८० अंशांवर. झाकून अर्धा तास, मग झाकण काढून पंचवीस मिनिटं. घरच्या छोट्या ओव्हनमध्ये दोन भांडी एकदम बसत नाहीत, एकामागून एक लावा. पाहुणे दारात असताना हे जमलं नसतं, रात्री काही घाई नाही. कडेने रस खदखदताना दिसला आणि तो दाट असला की बाहेर काढा.

ओव्हन नसेल तर अडत नाही. जाड बुडाची लंगडी घ्या, तळाला तेलाचा हात, थर तसेच, आणि लंगडीखाली लोखंडी तवा. मंद आचेवर झाकून चाळीस मिनिटं. खेड्यात चुलीवर करणाऱ्या बायका झाकणावर निखारे ठेवतात, वरचा टोमॅटो छान सुकतो. गॅसवर ते होत नाही, तेव्हा वरच्या टोमॅटोच्या चकत्या तव्यावर वेगळ्या भाजून घ्याव्या लागतात.

भांड्याबद्दल दोन शब्द. रात्रभर ठेवायला काच, स्टील किंवा चिनी मातीचं भांडं घ्या. हिंडालियम किंवा ॲल्युमिनियममध्ये टोमॅटोची भाजी रात्रभर राहिली की धातूची चव उतरते. वरून ॲल्युमिनियमचा कागद लावत असाल तर तो टोमॅटोला टेकू देऊ नका, आंबटाने त्याला भोकं पडतात. खानापूरकडची मातीची पसरट भांडी या भाजीला फार चांगली, आच सावकाश देतात आणि पंगतीत भाजी बराच वेळ गरम राहते. पण मातीचं काय, काचेचं काय, फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये सारलं तर तडकतं. ते थंड ओव्हनमध्ये ठेवायचं आणि मग ओव्हन लावायचा.

आता गार करणं. उन्हाळ्यातल्या जेवणावळीत माणसं आजारी पडतात ती बहुतेक इथल्या ढिलाईने. ५ ते ६० अंशांच्या मधे अन्नात जंतू झपाट्याने वाढतात. एरवी शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावं असा नियम आहे. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास धरा, आणि मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात संध्याकाळी तेवढी उष्णता असतेच. रात्री जेवणं आटोपून, भांडी घासून, झोपताना भाजी फ्रिजमध्ये टाकू असं करू नका. भांडं ओव्हनमधून काढलं की आधी लाकडी पाटावर दहा मिनिटं, तडकू नये म्हणून. मग पंख्याखाली जाळीवर. स्टीलचं भांडं असेल तर थंड पाण्याच्या परातीत ठेवता येतं. गरम असताना घट्ट झाकण लावू नका, वाफेचं पाणी परत भाजीवर पडतं आणि संध्याकाळभर काढलेलं पाणी परत आत येतं. पातळ पंचा टाका. कोमट झाली की झाकून फ्रिजमध्ये, आजूबाजूला हवा खेळेल एवढी जागा सोडून. त्यासाठी फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटल्या आणि आंबे बाहेर काढावे लागले तर काढा.

एप्रिल-मे म्हणजे वळवाचे दिवस. संध्याकाळी वारं सुटलं की लाइट जाते. लाइट गेली तर फ्रिज उघडायचा नाही. बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो. त्याहून जास्त वेळ गेला आणि भाजी हाताला गार लागत नसेल तर ती वाढू नका. चव घेऊन ठरवू नका, बिघडलेलं अन्न चवीला नेहमी कळत नाही. ज्या भागात रात्रीची लाइट भरवशाची नाही, तिथे मी सांगेन की आदल्या दिवशी फक्त भाज्यांची तयारी करा. वांगी, दुधी भाजून, कांदा परतून, रस्सा आटवून, सगळं वेगवेगळ्या उथळ डब्यांत गार करून फ्रिजमध्ये. थर सकाळी लावा. लहान डबे लवकर गार होतात, आणि एखादं बिघडलं तरी सगळं जात नाही. सकाळी थर लावायला वीस मिनिटं पुरतात.

निपाणीचे पाहुणे जैन आहेत का, ते आधी विचारून घ्या. निपाणी-चिकोडी भागात जैन घरं बरीच आहेत. त्यांच्यातले काटेकोर पाळणारे कांदा, लसूण, बटाटा खात नाहीत, पुष्कळ जण वांगंही खात नाहीत, आणि रात्र ओलांडलेलं अन्न त्यांना चालत नाही. त्यांच्यासाठी ही भाजी आदल्या दिवशी करून ठेवणं म्हणजे त्यांना उपाशी उठवणं. एक लहान भांडं त्याच सकाळी वेगळं करा. दुधी, कच्चं केळं, ढोबळी मिरची, टोमॅटो, मधे कूट आणि हिंग-जिऱ्याची फोडणी दिलेला रस्सा. केळं बटाट्याच्या जागी तळाला, उकडून घेतलेलं. तवा आणि चमचे वेगळे ठेवा, आणि वाढताना ते कुणाचं आहे हे वाढणाऱ्यांना सांगून ठेवा. जेवणं सूर्यास्तानंतर असतील तर तेही त्यांना आधी कळवा.

दुसऱ्या दिवशीचं काम थोडं आहे. एकची पंगत असेल तर साडेअकराला भांडं फ्रिजमधून काढून थंड ओव्हनमध्ये ठेवा, झाकलेलंच. १६० अंशांवर ओव्हन लावा आणि चाळीस मिनिटं द्या. दोन भांडी असतील तर पहिलं अकराला लावा, आणि ते काढल्यावर ओव्हन गार झाला की दुसरं. पहिलं काढून पंच्यात गुंडाळून ठेवलं की वाढेपर्यंत गरम राहतं. मधोमध सुरी खुपसून दहा सेकंद ठेवा आणि ओठांच्या खालच्या बाजूला लावून बघा. चटका बसला पाहिजे. थर्मामीटर असेल तर मधे ७५ अंश. कडा खदखदतात म्हणजे मधलं गरम झालं असं समजू नका. गॅसवर करत असाल तर लंगडीखाली तवा ठेवून, मंद आचेवर, झाकून अर्धा तास, आणि खाली लागू नये म्हणून कडेने बाजूचा रस्सा.

वरचा कुरकुरीत थर आदल्या दिवशी घालायचा नाही. फ्रिजमध्ये तो सर्दावतो आणि मग कितीही भाजलं तरी चामट लागतो. भाकरीचा उरलेला चुरा, सुकं खोबरं आणि दोन पाकळ्या लसूण चमचाभर तुपात कढईत खमंग परतून डब्यात भरून ठेवा. वळवाचा पाऊस पडून हवा दमट झाली असेल तर वाढायच्या आधी परत एकदा कढईत फिरवा. भाजी ओव्हनमधून काढली की हे वरून पेरा, मग कोथिंबीर. कोथिंबीरही तेव्हाच, रात्री घातलेली काळी पडते.

काढल्या काढल्या कापायची घाई करू नका. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की रस परत थरात बसतो आणि चौकोनी तुकडा अख्खा उचलता येतो. धारदार सुरीने आधी सगळे तुकडे पाडा, मग पातळ, रुंद उलथन्याने तळापासून उचला. पहिला तुकडा नीट निघत नाही, तो वाढणाऱ्याच्या ताटात. ही भाजी कोमट असतानाच सगळ्यात छान लागते. फ्रान्सच्या दक्षिणेकडेही तिथली अशी भाजी उन्हाळ्यात कोमट किंवा गारच खातात. म्हणून पंगत थोडी लांबली तर जिवाला घोर लावून घेऊ नका. फक्त वाढायला काढल्यापासून तासाभरात ती संपली पाहिजे, कारण बाहेर उन्हाळा तोच आहे.

सोबत ज्वारीची गरम भाकरी, दही आणि साधं वरण-भात. येळ्ळूरकडचा बासमती मिळाला तर नुसत्या भाताबरोबरही ती पुरे होते. दुसरी रस्सा भाजी ठेवू नका, दोन्हींच्या चवी एकमेकींना मारतात. गोडाला कुंदा असेलच, तेव्हा भाजीतला गूळ हात राखून.

फ्रीझरचं तुम्ही विचारलं नाही, पण बरेच जण विचारतात म्हणून सांगते. ही भाजी गोठवू नका. दुधी आणि वांगं वितळल्यावर लगदा होतात, बटाटा रवाळ होतो, आणि काढलेलं सगळं पाणी परत सुटतं. दोन दिवस आधी करायचं असेल तर फक्त टोमॅटोचा रस्सा गोठवून ठेवा, त्याला काही होत नाही.

उरलेली भाजी टेबलावर तासाभराहून जास्त राहिली नसेल तरच परत फ्रिजमध्ये ठेवा, आणि संध्याकाळी एकदाच, लागेल तेवढीच गरम करा. आमच्याकडे ती कुस्करून, त्यात थोडं बेसन घालून तव्यावर थालीपिठासारखी लावतात. मुलांना ती मूळ भाजीपेक्षा जास्त आवडते.